डोंबिवलीचं मीठ, घोडबंदरची थंडी

ठाण्याला कोणी फिरायला जात नाही. तिथं माणसं राहायला जातात आणि मग तिथून लवकर बाहेर पडायचा रस्ता कुठला यावर जन्मभर वाद घालतात. त्यामुळे मी तीन दिवस ठाणे, डोंबिवली आणि शहाड करून आले म्हटल्यावर सांगलीतल्या आमच्या शेजारीणबाईंचा चेहरा पडला. ‘कोण गेलं?’ असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. कोणी गेलं नाही, मी मिठासाठी गेले होते, असं सांगितल्यावर त्यांनी विषयच बदलला.

ज्यांनी विषय बदललेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

खोपट

सांगलीची एसटी सकाळी ठाण्यात खोपटच्या डेपोत शिरली आणि शिरल्या जागीच थांबली. पुढे दुसरी बस, तिच्यापुढे तिसरी, आणि तिसरीचा ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होता. आमच्याकडे असं झालं असतं तर एव्हाना चार प्रवासी खाली उतरून दोन तट पडले असते. इथे कोणी ब्र काढला नाही. ठाणेकर वाट बघण्यात इतका मुरलेला असतो की आपण वाट बघतोय हेही त्याच्या ध्यानात राहत नाही. शेवटी मीच पिशवी घेऊन उतरले आणि बसांच्या मधून वाट काढत बाहेर आले.

बाहेर स्नेहल उभी होती. ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलच्या मुलांना शिकवते, आणि ही शेवटच्या बाकावर बसून पहिली येणारी मुलगी होती. लग्न होऊन इकडे आली, आता डोंबिवलीच्या एका कारखान्यात इन्चार्ज आहे. नेहमी बडबड करणारी ही पोरगी त्या दिवशी नुसती पाया पडली आणि माझी पिशवी घेतली.

समोरच्या टपरीवर चहा घेतला. काचेचा इवलासा ग्लास, तोही अर्धा. अर्धा चहा देण्याची ही पद्धत कोणी काढली देव जाणे. सांगलीत पाहुण्याला अर्धा चहा दिला तर पुढच्या लग्नाला तो येत नाही.

“मॅडम, मला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं,” स्नेहल म्हणाली, आणि मग सगळं बाहेर आलं.

तिच्या कारखान्यात रंगांसाठी लागणारी रसायनं बनतात. ती बनवून उरलेलं खारट पाणी नाल्यात सोडायला बंदी आहे, म्हणून ते आटवून त्यातलं मीठ कोरडं करावं लागतं. आटवायच्या यंत्राला इव्हॅपोरेटर म्हणतात. त्यात आडव्या नळ्यांचा एक मोठा जुडगा असतो, नळ्यांच्या आतून पाणी वाहतं आणि बाहेरून वाफ त्यांना तापवते. हे यंत्र घेताना ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका सल्लागार कंपनीनं कॉम्प्युटरवर पाण्याचं मॉडेल करून सांगितलं होतं, की पाणी अमुक इतकं आटवेपर्यंत नळ्यांत मीठ बसणार नाही. प्रत्यक्षात नळ्या पुन्हा पुन्हा तुंबत होत्या.

“सुर्वे साहेब काय म्हणतात, मॉडेल सांगतं तुंबणार नाहीत, आणि तुंबल्या, म्हणजे मी पाणी जास्त आटवते आणि लॉगशीटमध्ये आकडे खोटे भरते. शिफ्टच्या सगळ्या पोरांसमोर बोलले. आणि मॅडम, त्या दिवशी इव्हॅपोरेटर बंद होता ना, तुंबलेला. एरवी तिथे व्हॅक्यूम पंपाच्या आवाजात कानात ओरडलं तरी ऐकू नाही येत. त्या दिवशी मात्र प्रत्येकाने प्रत्येक शब्द ऐकला. शुक्रवारी चौकशी आहे. खोटे आकडे भरले असं एकदा लिहिलं गेलं की इथल्या पूर्ण एमआयडीसीत मला कोण मशीनला हात लावू देईल?”

तो बुधवार होता. मी तिला धीर दिला, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मीठ पाण्यात विरघळलं की संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सुखी राहावं. विरघळलेलं मीठ म्हणजे धन आणि ऋण विजेचे कण. ते एकमेकांना ओढतात, ढकलतात, आणि एकाच पाण्यात दोन-चार मिठं आली की एकत्र कुटुंबासारखं होतं, कोणीच एकटं असताना वागेल तसं वागत नाही. कुठलं मीठ किती उष्णतेला किती वेळ पाण्यात नांदेल आणि कधी खाली बसेल, हे समीकरणांनी मांडणं हा माझा विषय. पातळ पाण्याची सोपी समीकरणं घट्ट खाऱ्या पाण्याला लावून मोकळे होणारे सल्लागार मी खूप पाहिले आहेत. घोडबंदरचेही त्यातलेच असणार हे मी त्या अर्ध्या चहातच ठरवून टाकलं. मला फक्त त्यांची चूक बोट ठेवून दाखवायची होती.

डोंबिवली

डोंबिवलीच्या एमआयडीसीत पत्ता विचारावा लागत नाही. “हा सडक्या फळासारखा वास आला ना, इथे डावीकडे,” स्नेहल गाडी चालवता चालवता सांगत होती. “आता औषधासारखा येईल, तिथे आपलं गेट.” कोपऱ्यावर एका गाडीवर माणसं त्याच वासात उभी राहून गरम भजी खात होती आणि भजीत ओवा कमी पडल्याची तक्रार करत होती. डोंबिवलीकराला स्वतःच्या सुसंस्कृतपणाचा फार अभिमान असतो. तो कशावर टिकून आहे हे मला त्या नाल्याचा रंग पाहिल्यावर समजेनासं झालं.

सुर्वे साहेब कारखान्याचे मॅनेजर. पोटावर आयडी कार्ड, हातात दोन मोबाइल. मी कोण ते कळल्यावर ते दिलखुलास हसले.

“मॅडम, तुम्ही थिअरीवाल्या. आमचं सगळं प्रॅक्टिकल असतं.”

“मग प्रत्यक्ष नळ्या तुंबल्यात, त्याचं काय?”

“त्याचं काय म्हणजे? मॉडेल सांगतं तुंबणार नाहीत. मॉडेल खोटं नाही बोलत, माणूस बोलतो.”

“मॉडेल पाहिलंय तुम्ही?”

“पीपीटी पाहिली ना. मस्त कलर ग्राफ आहेत. आणि सॅम्पलमध्ये तर गडबड शक्यच नाही. मी स्वतः घेऊन गेलेलो, माझ्या गाडीतून. आधी एकदा प्लास्टिकच्या कॅनमधून पाठवलं तर त्यांच्या रिसेप्शनवरच्या मुलीने नाक दाबलं. कंपनीची इज्जत असते ना मॅडम. मग काचेची बाटली घेतली, धुतली, पुसली, नीट लेबल लावलं.”

बाटली धुण्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन केलं आणि खाली गेले.

इव्हॅपोरेटर त्या दिवशीही उघडून ठेवलेला होता. नळ्यांच्या तोंडांवर पांढरं, टणक कवच चढलेलं. काही नळ्यांतून पेन्सिलही गेली नसती. शिफ्टची पोरं पाण्याचा जोराचा फवारा मारून ती मोकळी करत होती. स्नेहल आली तसे त्यांचे आवाज बंद झाले आणि कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. ती सूचना देत राहिली, ते मान हलवत राहिले. माझ्या वर्गात सगळ्यांच्या शंका सोडवणारी ही मुलगी. तिच्याशी आता माणसं अंग चोरून वागत होती.

कवचाचा एक तुकडा मी लॅबमध्ये नेऊन कोमट पाण्यात विरघळवला आणि त्यात बेरियम क्लोराइडचे थेंब सोडले. पाणी दुधासारखं झालं. म्हणजे सल्फेट. हे सोडियम सल्फेट मोठं लाडावलेलं मीठ आहे. थंड झालं की खडे होऊन तळाशी बसतं, कोमट पाण्यात गुण्यागोविंदानं राहतं, आणि फार तापवलं की पुन्हा रुसून तापलेल्या नळीलाच जाऊन चिकटतं. पण सल्लागारांच्या रिपोर्टप्रमाणे पाण्यात सल्फेट इतकं थोडं होतं की त्याला रुसायलाही वाव नव्हता. म्हणजे एक तर स्नेहल पाणी प्रमाणाबाहेर आटवत होती, नाही तर समीकरणं चुकली होती.

पाण्याची घनता मोजली की ते किती आटलंय हे कळतं. दुपारी यंत्र चालू झाल्यावर आम्ही ती मोजली, आणि लॉगशीटमध्ये रोज असायचं तेच आलं.

“आज तुम्ही उभ्या आहात म्हणून बरोबर आलं,” सुर्वे म्हणाले.

याच लॅबमध्ये त्या खाऱ्या पाण्यातलं सल्फेट मोजायला मी कोणालाही सांगू शकले असते आणि घोडबंदर रोडचा त्रास वाचला असता. तिथे ते मोजायची सोय होती, रीत नव्हती. सल्लागारांनी एकदा मोजलंय ना, मग आपण कशाला? मला मात्र समीकरणांची शिकार करायची होती, त्यामुळे असली हलकी कामं सुचली नाहीत.

शहाड

मुक्काम स्नेहलच्या सासरी, शहाडला. उल्हास नदीच्या अलीकडे एकेकाळी यांची भातशेती होती. आता त्या जागी बिल्डिंग आहे आणि घरचे सगळे तिच्याच दुसऱ्या मजल्यावर राहतात. शेताला नावच नव्हतं, बिल्डिंगला मात्र इंग्रजी नाव आहे. गॅलरीतून नदी दिसते असं मला सांगण्यात आलं. दिसली, तिच्यात जलपर्णी इतकी होती की पाणी आहे हे मानावं लागलं. आमची कृष्णा पुराच्या वेळी घरात येते, पण निदान तोंड झाकून बसत नाही.

स्नेहलचे सासरे, नाना, इथले जुने आगरी. त्यांच्या वडिलांचं खाडीवर मिठागर होतं असं कळल्यावर मी सावरून बसले. मिठाच्या माणसांत मी आयुष्य काढलं, पण समुद्राचं पाणी आटवून पोट भरलेल्या घराण्यात पहिल्यांदाच जेवत होते. मीठ धरल्यावर जे कडू पाणी उरतं ते तुम्ही कसं ओळखायचा, असं मी नानांना आदरानं विचारलं.

“मना काय म्हाईत?” नाना म्हणाले. “बाबा जायचा मिठागरान. मी कवा गेलूच नाय. पाय फुटतान तिथं.”

“आणि आता तिथं काय आहे?”

“टावर झालाय. सिमिंग पूल हाय वर गच्चीव. गोरं पानी.”

पूर्वजांनी समुद्र आटवून मीठ केलं, आणि वंशजांना गच्चीवर गोड पाण्याचा तलाव आहे याचा अभिमान. मी पुढचे प्रश्न गिळले.

जेवणाला मात्र मी नाव ठेवू शकत नाही, आणि प्रयत्न केला नाही असं नाही. तांदळाची भाकरी पाहून मला वाटलं होतं, ही पांढरीफटक कागदासारखी वस्तू आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे काय टिकणार. सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं गेलं आणि मी तिसरी भाकरी मागितली. “खा गो बाय, कालेजात काय पोटाला घालतान का नाय?” असं म्हणत स्नेहलच्या सासूबाईंनी चौथीही वाढली. सुनेच्या कारखान्यात काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं; त्या तिच्या ताटात बोंबलाचे मधले तुकडे निवडून टाकत राहिल्या.

जेवण झाल्यावर सल्लागारांचा रिपोर्ट घेऊन बसले. पाण्यातल्या धन आणि ऋण कणांची बेरीज सारखी यावी लागते, तशी आली नाही तर मोजणीत घोळ आहे असं समजायचं. इथे ती चोख जुळत होती. मला चूक सापडेना आणि डोकं तापलं.

“मॅडम,” स्नेहल समोर बसून म्हणाली, “त्यांचं मॉडेल बरोबर निघालं तर?”

“मग तू खोटारडी,” मी थट्टेत म्हटलं.

ती हसली नाही. उठून आत गेली. माझी जीभ अशीच आहे, तिला कधी कुठे वळायचं कळत नाही. मी तिथेच बराच वेळ रिपोर्टाची तीच ती पानं उलटत बसले.

घोडबंदर रोड

घोडबंदर रोडबद्दल लोक ‘तिकडे खूप डेव्हलपमेंट झाली’ असं म्हणतात. म्हणजे काय ते तिथे गाडीत बसून राहिल्यावर कळतं. दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेल्या इमारती, प्रत्येकीला युरोपातल्या एखाद्या गावाचं नाव, आणि त्या सगळ्या गावांना मिळून एक रस्ता, तोही खणलेला. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आरशात पाहून पूर्ण मेकअप केला, मग डबा उघडून पोहे खाल्ले. आमची गाडी तेवढ्यात एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलकडे पाहण्याइतपत सरकली होती. मी आदल्या रात्रीपासून जरा जपूनच बोलत होते.

सल्लागारांचं ऑफिस काचेच्या इमारतीत बऱ्याच वर. आत पाऊल टाकलं आणि मी पिशवीतून शाल काढून पांघरली. इतकी थंडी मी सांगलीत डिसेंबरात पहाटेही सोसलेली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं स्वेटर घातला होता.

“जरा कमी करा की हो हा एसी,” मी म्हटलं.

“सेंट्रल आहे मॅम, दिवसरात्र असाच असतो. आमच्या हातात नाही.”

डॉक्टर निनाद भेटायला आले. तरुण, परदेशातून शिकून आलेले, बोलताना हातांनी हवेत ग्राफ काढणारे. मी वेळ न दवडता त्यांच्या समीकरणांवर घसरले. त्यांनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पुढचा तासभर माझ्या आयुष्यातल्या सर्वांत अपमानास्पद तासांपैकी एक होता. मॉडेल बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हे, सुंदर होतं. प्रत्येक दोन कणांमधली ओढाताण, तीन-तीन कणांचे एकत्र परिणाम, उष्णतेप्रमाणे होणारे बदल, मी वर्गात फळ्यावर लिहून पोरांना जांभया आणते ते सगळं या गृहस्थानं नीट मांडलं होतं. एके ठिकाणी तर त्याचे आकडे माझ्यापेक्षा चांगले होते. इतका राग मला मूर्ख माणसाचाही कधी आला नव्हता.

“मॅडम, मॉडेल रोबस्ट आहे,” निनाद म्हणाले. “इश्यू ऑपरेशनमध्येच असणार. सॉरी टु से.”

स्नेहल माझ्या शेजारी बसली होती. तिनं हात मांडीवर घट्ट धरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं. समोर भिंतीत काचेचं कपाट होतं. त्यात खालून दिवे सोडलेल्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेका कारखान्याचं नाव. देव्हारा जसा लखलखीत ठेवावा तसं ते गिऱ्हाइकांचं सांडपाणी त्यांनी सजवलं होतं. खालच्या फळीवर सुर्व्यांची धुतलेली, पुसलेली बाटली उभी होती. तिच्या तळाशी बोटभर जाडीची खडीसाखर बसली होती.

मी उठून कपाटाला नाक लावलं.

“हे काय आहे?”

“ते सेडिमेंट, मॅडम. इंडस्ट्रियल वॉटरमध्ये माती असतेच. आम्ही वरचं क्लिअर घेतो, फिल्टर करून. मशीनची ट्यूब बारीक असते, जाम होते.”

“माती? तिला कडा आहेत, टोकं आहेत. चमकतेय ती.”

निनाद जवळ आले आणि पहिल्यांदाच त्यांनी ती बाटली नीट पाहिली.

कारखान्यातून निघालं तेव्हा ते पाणी चांगलं गरम होतं. सुर्वे साहेबांनी कंपनीची इज्जत राखायला ते एसी गाडीत घातलं, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये निवत ठेवलं आणि या हिमालयात आणून दिलं. लाडावलेलं सल्फेट थंडीत खडे होऊन तळाशी बसलं. आणि या विद्वानांनी वरचं पाणी गाळून मोजलं, कारण खाली बसतं ते माती, हे इथे सर्वांना पाठ. बेरीज का जुळत होती तेही मला तेव्हा कळलं. मीठ तळाशी बसताना धन आणि ऋण दोन्ही कण सारखेच घेऊन बसतं. वर उरलेलं पाणी हिशेबाला चोखच राहतं, फक्त ते त्या कारखान्याचं पाणी राहत नाही.

“कपाट उघडा.”

“मॅडम, डिस्प्लेचं आहे ते, किल्ली ॲडमिनकडे...”

“उघडा म्हणते ना!”

कॉफीच्या यंत्रातून गरम पाणी घेऊन, एका मोठ्या कुंडीतलं खोटं झाड बाजूला काढून मी ते कुंडीत ओतलं आणि त्यात बाटली उभी केली. आम्ही तिघं खाली वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं खड्यांच्या कडा गोल झाल्या, मग ते पातळ झाले, आणि मी बाटली हलवली तेव्हा तळाशी काही नव्हतं. स्नेहलनं तोंडावर हात ठेवला.

“सॅम्पलिंग आमच्या स्कोपमध्ये नाही,” निनाद म्हणाले. पहिलं वाक्य हे. पण माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता. त्यांनी ते गरम पाणी तसंच त्यांच्या लॅबमध्ये पुन्हा मोजायला लावलं आणि सल्फेटचा नवा आकडा मॉडेलमध्ये घातला. पडद्यावर नळ्यांचं चित्र होतं. वरच्या भागातल्या नळ्या लाल झाल्या, स्नेहलच्या पोरांनी फवारा मारून मोकळ्या केल्या होत्या त्याच. आणि पाणी स्नेहलच्या लॉगशीटमध्ये लिहिलं होतं तेवढंच आटवलेलं धरलं होतं.

परतताना स्नेहल गाडीत मोठमोठ्यानं रडली. बाजूच्या गाडीतले लोक काच खाली करून पाहत होते. घोडबंदर रोडला तेवढाच एक उपयोग आहे, रडायला भरपूर वेळ मिळतो.

पुन्हा डोंबिवली

चौकशी सुर्वे साहेबांच्या केबिनमध्ये झाली. मालकांचे जावई खास चौकशीसाठी आले होते आणि मोबाइलमधून मान वर काढत नव्हते. निनाद यांनी ‘रिव्हाइज्ड मॉडेल’ असं शीर्षक टाकून नवे रंगीत ग्राफ दाखवले. बाटलीचा उल्लेख त्यांनी ‘इनपुट अपडेट’ असा केला. मी मधे बोलून तळाशी बसलेलं मीठ, थंडी आणि फिल्टर, सगळं साध्या मराठीत सांगितलं, कारखान्याच्या लॅबमध्ये त्या सकाळी मोजलेला सल्फेटचा आकडाही सांगितला. तो निनाद यांच्या नव्या आकड्याशी जुळत होता. निनाद यांनी मान खाली घातली, पण नाकारलं नाही.

सुर्वे साहेबांनी थोडा विचार केला.

“म्हणजे चूक तशी कोणाचीच नाही,” ते म्हणाले. “क्लायमेटची आहे.”

जावयांनी मान डोलावली. हवामानावर ठपका ठेवून चौकशी संपवणारा कारखाना मी तरी आजवर पाहिला नव्हता.

“चला, मिटलं. स्नेहल मॅडम, तुमचं नाव क्लिअर. नळ्या धुवून घ्या, आणि उद्यापासून नवीन सेटिंगवर चालवू. चहा सांगा रे कोणीतरी.”

स्नेहल बसून राहिली.

“साहेब, तुम्ही मला खोटारडी केबिनमध्ये म्हटलं नव्हतं.”

“अहो, झालं ते झालं. रागात माणूस बोलतो.”

“खाली म्हटलेलंत. शिफ्टसमोर. खाली येऊन सांगा.”

जावयांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. शेवटी सुर्वे उठले, मोठं मन दाखवल्यासारखे हसले आणि म्हणाले, “चला, त्यात काय!”

खाली इव्हॅपोरेटर जोरात चालू होता. व्हॅक्यूम पंपाचा असा आवाज, की शेजारच्या माणसाचे ओठ हलताना दिसतात, बाकी काही नाही. शिफ्टची पोरं गोळा झाली. सुर्वे साहेब मधे उभे राहिले, हात मागे बांधले आणि बोलले. चांगलं दोन-तीन वाक्यं बोलले असावेत. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सुर्वे साहेबांनी झालं अशा अर्थानं हात झटकले आणि जिन्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मला कळलं की हे त्यांना केबिनमधून निघतानाच माहीत होतं.

स्नेहल पॅनेलपाशी गेली आणि तिनं लाल बटण दाबलं.

पंप कण्हत कण्हत थांबला. मग पंखे थांबले. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, ते ऐकू यायला लागलं. सुर्वे साहेब पहिल्याच पायरीवर अडकले.

“अहो, बंद काय केलंत!” त्यांचा आवाज आता पार टोकापर्यंत गेला.

“नळ्या धुवायला बंद करायचाच होता, साहेब,” स्नेहल म्हणाली. “आता सांगा.”

ते तिच्याकडे बघत राहिले, ती त्यांच्याकडे. पोरं जागची हलली नाहीत. मी चौपन्न वर्षांची बाई, सगळ्यांना नावं ठेवण्यात हयात गेलेली, पण त्या क्षणी मीही पोरांच्यात जाऊन उभी राहिले. शेवटी सुर्वे साहेबांनी पायरीवरून पाय खाली घेतला.

“स्नेहल मॅडमनी आकडे खोटे भरले नव्हते,” ते म्हणाले. “सॅम्पल चुकीचं गेलेलं. मी नेलेलं. मी त्यांना खोटारडी म्हटलं, ते चुकीचं होतं.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं फक्त विचारलं, “मॅडम, वरच्या नळ्या आधी घ्यायच्या का?” आणि तिनं हो म्हटलं. पोरं आता तिच्याकडे बघून ऐकत होती.

संध्याकाळची बस खोपटहून होती. ती अर्थातच दुसऱ्या बसमागे अडकली होती, म्हणून मी एक अर्धा चहा घेतला, आणि मग आणखी एक.

सांगलीला परत आल्यावर शेजारीणबाईंनी दोन दिवसांनी राहवेना म्हणून विचारलंच, की एवढ्या ठाण्या-डोंबिवलीत बघण्यासारखं काही आहे का हो. काही नाही, मी म्हटलं. पण एका कारखान्यात पंप बंद केल्यावर जी शांतता होते, ती एकदा ऐकायला जा.